मनगटापासून मोजायला शिकवणारी कार्यशाळा: पंखांच्या पिसांवरील एका उपक्रमाचे परीक्षण

पक्षी ओळखण्याच्या कार्यशाळा आता महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत होतात, पण त्यांचा सारा भर रंग, आवाज आणि अधिवास यांच्यावर असतो. पंखातल्या पिसांची नावे आणि त्यांचे क्रमांक हा विषय पहिल्या तासाच्या एका आकृतीत उरकला जातो आणि पुढे कोणी त्याचा उल्लेखही करत नाही. पुण्यातल्या एका छोट्या निसर्गगटाने हिवाळ्याच्या तोंडावर शनिवार-रविवार मिळून केवळ याच एका विषयाला वाहिलेली कार्यशाळा घेतली. तिचे शुल्क दोन्ही दिवसांचे जेवण, एक छापील तक्ता आणि नोंदपत्रिकांचा संच धरून दीड हजार रुपये होते. कार्यशाळा उत्तम होती आणि दिलेल्या पैशांचे मोल तिथे मिळाले, असे माझे मत आहे. मात्र सोबत दिलेला तक्ता सदोष आहे आणि दुसऱ्या दिवसाची आखणी ढिसाळ होती, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवायला हवे. या लेखात मी पिसांच्या गटांसाठी प्रायमरी, सेकंडरी, टर्शियल आणि कव्हर्ट (मोठ्या पिसांची बुडे झाकणारी लहान पिसे) हेच इंग्रजी शब्द वापरणार आहे, कारण मैदानावर आणि त्या वर्गातही तेच वापरले जात होते.

पहिल्या सत्राची रचना विचारपूर्वक केलेली होती. मार्गदर्शकांनी पडद्यावर आकृती दाखवून नावे पाठ करायला लावण्याऐवजी आधी हाडे समजावून सांगितली. खांद्यापासून कोपरापर्यंतचे हाड, कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे आणि त्यापुढचा, बोटे एकत्र जुळून तयार झालेला पंजाचा भाग, हे तीन टप्पे एकदा डोक्यात बसले की पिसांची विभागणी आपोआप उलगडते. पंजाच्या भागावर जी रोवलेली असतात त्या प्रायमरी, आणि कोपर ते मनगट यांमधल्या जाड हाडावर, म्हणजे अल्नावर, जी रोवलेली असतात त्या सेकंडरी. अनेक पक्ष्यांच्या अल्नावर या पिसांच्या मुळाशी ओळीने उंचवटेही दिसतात. अंगठ्यावरच्या तीन-चार आखूड, ताठ पिसांचा झुपका म्हणजे अलुला. पीस कुठे उगवले यावर त्याचे नाव ठरते, ते किती लांब आहे किंवा कोणत्या रंगाचे आहे यावर नाही, हा मुद्दा त्यांनी सुरुवातीलाच इतका पक्का केला की पुढच्या चर्चेत कोणालाही तो पुन्हा विचारावा लागला नाही.

त्यानंतर क्रमांकांकडे वळताना त्यांनी मनगटावर बोट ठेवले आणि मोजणी इथून दोन्ही दिशांना निघते असे सांगितले. प्रायमरींचा पहिला क्रमांक मनगटालगतच्या पिसाला, म्हणजे सर्वांत आतल्या प्रायमरीला, आणि तिथून पंखाच्या टोकाकडे पी१, पी२ असे मोजत बहुतेक पक्ष्यांत पी१० पर्यंत जायचे. सेकंडरींचा पहिला क्रमांकही मनगटालगतच्याच पिसाला, पण ती मोजणी उलट दिशेने, शरीराकडे जाते. हा नियम ऐकायला सोपा असला तरी नवख्याला तो उफराटा वाटतो, कारण उडणाऱ्या पक्ष्याकडे पाहताना नजर आधी पंखाच्या टोकाकडे जाते आणि मोजणी तिथून सुरू व्हावी असे मनाला वाटत राहते. वर्गातल्या एका सहभागी व्यक्तीने नेमका हाच आक्षेप घेतला आणि त्यातून जी चर्चा झाली ती मला संपूर्ण कार्यशाळेतली सर्वांत मोलाची वाटली.

बाहेरून आत मोजण्याची पद्धत अस्तित्वातच नाही असे नाही. जुन्या पुष्कळ इंग्रजी ग्रंथांत आणि विशेषतः वटवट्यांच्या (वॉर्बलरांच्या) वर्णनांत प्रायमरी टोकाकडून मोजलेल्या आढळतात. पण चिमणीवर्गीय पक्ष्यांत सर्वांत बाहेरची प्रायमरी बहुधा खुरटलेली असते. वटवट्यांमध्ये ती लहान पण दिसण्याजोगी असते, तर धोबी, तीरचिमण्या, भारीट आणि घरचिमणी यांच्यात ती इतकी सूक्ष्म होते की सहज पाहणाऱ्याला नऊच प्रायमरी दिसतात. अशा वेळी बाहेरून मोजणाऱ्याने त्या खुरट्या पिसाला पहिले धरले की नाही, यावर पुढचे सारे क्रमांक एकाने सरकतात आणि दोन लेखक एकाच पिसाला वेगळे क्रमांक देऊन बसतात. मनगटाकडून मोजले तर टोकाचे पीस मोठे असो, खुरटलेले असो की दिसेनासे झालेले असो, आतल्या पिसांचे क्रमांक ढळत नाहीत. शिवाय बहुतेक पक्ष्यांत प्रायमरी गळून नव्या येण्याचा क्रमही पी१ पासून बाहेरच्या दिशेने जातो, त्यामुळे नोंदी ठेवणाऱ्यांना हीच दिशा सोयीची पडते. दहा प्रायमरी असलेल्या पक्ष्याबाबत जुन्या ग्रंथातला क्रमांक अकरातून वजा केला की आजचा क्रमांक मिळतो, ही साधी युक्ती मार्गदर्शकांनी फळ्यावर लिहून दाखवली. उदाहरण म्हणून त्यांनी हिवाळ्यात आपल्याकडे येणारा ब्लिथ रीड वॉर्बलर घेतला. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या प्रायमरीचे बाहेरचे पाते, म्हणजे दांड्याच्या बाहेरच्या बाजूचा भाग, मध्येच अरुंद होते असे जुन्या पद्धतीने लिहिलेले असते, त्याचा आजचा अर्थ पी८ आणि पी७ असा होतो. घरी जुने ग्रंथ असलेल्या प्रत्येकाला हे एवढे एक गणित दीड हजारांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दहा हा आकडाही सर्वत्र लागू नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले. करकोचे, टिबुकल्या आणि रोहित पक्षी यांच्या पंजाच्या तळव्याच्या हाडावर इतरांप्रमाणे सहा नव्हे तर सात प्रायमरी रोवलेल्या असतात आणि त्यांची एकूण संख्या दहाच्या पुढे जाते. भिगवणला दर हिवाळ्यात रोहितांच्या थव्यांची छायाचित्रे काढणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ही पिसे मोजली असतील, असा प्रश्न त्यावेळी मनात आल्यावाचून राहिला नाही.

दुपारच्या सत्राला गावरान कोंबडीचे पंख आणले होते आणि या कल्पनेला मी पूर्ण गुण देतो. रानपक्ष्यांची पिसे गोळा करून वर्गात फिरवण्याचा मोह अनेक निसर्गगटांना आवरत नाही, पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत पिसेही येतात आणि रस्त्यात सापडलेले पीस घरी जपून ठेवणेही अडचणीचे ठरू शकते, हे आयोजकांनी आरंभीच स्पष्ट केले. चिकनच्या दुकानातून मागून आणलेल्या पंखांना असली अडचण नसते. ब्रॉयलर कोंबडी अवघ्या पाच-सहा आठवड्यांची असताना कापली जाते आणि तोवर तिची पिसे पूर्ण वाढलेली नसतात, म्हणून त्यांनी मुद्दाम पूर्ण वाढ झालेल्या गावरान कोंबडीचे पंख निवडले होते. प्रत्येक दोघांना एक पंख, एक मऊ फळी आणि टाचण्या देण्यात आल्या. पंख पसरून टाचल्यावर मनगट हाताने चाचपायचे आणि मग पिसांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावायच्या, असा तो अभ्यास होता. पिसाच्या दांड्याची वाकण आणि त्याच्या दोन्ही पात्यांच्या रुंदीतला फरक हातात घेतल्यावर जसा कळतो तसा तो कोणत्याही आकृतीतून कळत नाही. बाहेरच्या प्रायमरीचे पुढचे पाते अगदी चिंचोळे आणि ताठ असते, तर आत सेकंडरीकडे जावे तसतशी दोन्ही पाती सारखी होत जातात आणि टोक बोथट होते.

याच अभ्यासात एक गमतीशीर अडचणही समोर आली. कोंबडीच्या प्रायमरी आणि सेकंडरी जिथे मिळतात तिथे मध्येच एक आखूड पीस असते. कोंबड्या पाळणारे त्याला अॅक्सियल पीस म्हणतात आणि ते प्रायमरीतही धरत नाहीत, सेकंडरीतही धरत नाहीत. वर्गातल्या निम्म्या जोड्यांनी त्याला पी१ ठरवले आणि त्यांच्या प्रायमरी अकरा झाल्या. मार्गदर्शकांनी त्यांना मनगटाचे हाड पुन्हा चाचपून पाहायला लावले. ही अडचण आधीपासून माहीत असून त्यांनी ती मुद्दाम येऊ दिली होती, असा माझा संशय आहे, आणि तसे असेल तर ते चांगल्या शिक्षकाचे लक्षण आहे.

सेकंडरींच्या बाबतीत मात्र शिकवणे थोडे घाईचे झाले. चिमणीवर्गीय बहुतेक पक्ष्यांत सेकंडरी नऊ असतात आणि त्यांपैकी आतल्या तीन, म्हणजे एस७, एस८ आणि एस९ यांना पक्षीनिरीक्षक टर्शियल म्हणतात. काटेकोर शरीरशास्त्राच्या दृष्टीने टर्शियल म्हणजे खांद्याच्या हाडावरची पिसे, त्यामुळे चिमणीच्या अंगावर आपण ज्यांना टर्शियल म्हणतो त्या खरे तर सेकंडरीच आहेत. मोठ्या पक्ष्यांत सेकंडरींची संख्या खूप वाढते. अल्बाट्रॉससारख्या लांब पंखांच्या सागरी पक्ष्यात ती तीसच्या पुढे जाते, तर हमिंगबर्डमध्ये ती सहा-सातावर येते. आतल्या बाजूला सेकंडरी कुठे संपतात हे इतके बदलते आणि इतके धूसर असते, म्हणूनच ही मोजणीही मनगटाकडून सुरू करणे भाग पडते, ही जोडणी मार्गदर्शकांनी स्पष्ट करायला हवी होती. प्रायमरींच्या बाबतीत जे कारण त्यांनी इतके सविस्तर मांडले त्याचाच दुसरा अर्धा भाग इथे निसटला. तसेच बदके, बगळे, शिकारी पक्षी अशा अनेक कुळांत एस४ आणि एस५ यांच्या मध्ये एक जागा रिकामी असते. तिथले मोठे कव्हर्ट जागेवर असते, पण त्याच्या जोडीचे उड्डाणपीस नसते. कोंबडी, कोकीळ, सुतार आणि चिमणीवर्गीय पक्षी यांच्यात ही फट नसते. एकोणिसाव्या शतकात पक्षिशास्त्रज्ञांना पाचवी सेकंडरी गळून गेली आहे असे वाटले आणि त्यावर बराच काथ्याकूट झाला. एका विद्यार्थिनीने याविषयी विचारल्यावर तिला दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय आवरता घेतला गेला. वेळेची अडचण समजू शकते, पण पिसांच्या क्रमांकांवरच्या कार्यशाळेत या प्रश्नाला पंधरा मिनिटे देता आली असती.

कव्हर्टांचे सत्र आटोपशीर आणि नेमके होते. प्रत्येक प्रायमरीला तिचे स्वतःचे प्रायमरी कव्हर्ट असते आणि त्याला तोच क्रमांक मिळतो. सेकंडरींवर मोठ्या, मग मधल्या आणि मग लहान कव्हर्टांच्या ओळी येतात. वटवट्यांच्या पंखावर दिसणारे फिकट पट्टे म्हणजे मोठ्या आणि मधल्या कव्हर्टांची फिकी टोके, एवढे कळले की ग्रीनिश वॉर्बलरला एकच अरुंद पट्टा का म्हणतात आणि ह्यूम्स वॉर्बलरला दोन का, याची उकल होते. पण मला त्यांचे साळुंकीचे उदाहरण अधिक आवडले. साळुंकी उडाली की तिच्या पंखावर जो पांढरा डाग चमकतो, तो प्रायमरींच्या बुडाचा आणि प्रायमरी कव्हर्टांचा आहे, म्हणजे तो सगळा मनगटाच्या पुढे आहे. हे रोज पाहूनही वर्गातल्या जवळजवळ सर्वांनी तो डाग ‘पंखाच्या मध्यावर’ असल्याचे लिहिले होते. त्यानंतर घारीच्या पंखाखालचा फिकट भाग आणि नीलपंखाच्या प्रायमरींवरचा फिकट निळा पट्टा यांच्या छायाचित्रांवर तोच प्रश्न विचारला गेला आणि यावेळी उत्तरे बरोबर आली.

रविवारची सकाळ छायाचित्रांवरून मोजणी करण्यासाठी राखलेली होती आणि आजच्या कॅमेरेबहाद्दर पक्षीनिरीक्षकांसाठी हाच भाग सर्वांत उपयोगाचा आहे. शिकारी पक्ष्यांच्या पंखाच्या टोकाला जी ‘बोटे’ दिसतात ती म्हणजे बाहेरच्या अशा प्रायमरी, ज्यांची पाती टोकाकडे एकदम अरुंद झालेली असतात. शिक्र्याला अशी पाच बोटे असतात, म्हणजे पी६ ते पी१०, आणि युरेशियन स्पॅरोहॉकला सहा, म्हणजे पी५ ते पी१०. हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्यांपैकी (हॅरियर) पांढुरका आणि मोंटेग्यूचा या दोघांना चार, तर दलदली भोवत्याला पाच. आपल्या मोहोळघारीला सहा बोटे असतात, तर तिच्या युरोपीय भावंडाला पाच. दूरवरून, उलट्या उजेडात, रंग अजिबात न दिसणाऱ्या छायाचित्रातही बोटे मोजता येतात. म्हणूनच सोलापूरच्या माळरानावर भोवत्यांच्या मागे फिरणाऱ्यांना हे ज्ञान आवश्यक आहे. याची मर्यादाही मार्गदर्शकांनी दाखवून दिली आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे. पक्ष्याचा एखादा बाहेरचा पीस गळालेला असला किंवा नवा पीस अर्धाच वाढलेला असला, तर पाच बोटांचा पक्षी चार बोटांचा दिसतो. पंख अर्धवट मिटलेला असतानाही बोटे एकमेकांवर चढतात. म्हणून एका छायाचित्रावर निर्णय करू नये आणि दोन्ही पंखांवरची बोटे वेगवेगळी मोजावीत, असा त्यांचा आग्रह होता.

बसलेल्या पक्ष्याच्या छायाचित्रांसाठी त्यांनी प्रायमरी प्रोजेक्शनचा वापर शिकवला. मिटलेल्या पंखात पिसे हातातल्या पत्त्यांप्रमाणे एकमेकांखाली सरकतात, टर्शियल सर्वांत वर राहतात आणि प्रायमरींची टोके त्यांच्याखालून मागे डोकावतात. जेवढी डोकावतात तेवढे प्रोजेक्शन. धान तीरचिमणीच्या लांब टर्शियल प्रायमरींना जवळजवळ पूर्ण झाकतात. सासवडच्या पठारावर हिवाळ्यात उतरणाऱ्या शॉर्ट-टोड लार्क या चंडोलांचेही तसेच असते. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये याच दख्खनच्या पठारावरून ज्या चंडोलाचे वर्णन केले आणि ज्याच्या शास्त्रीय नावात आजही दुखुनेन्सिस हा शब्द आहे, तो याच गटातला. याउलट वाळूत राहणाऱ्या सँड लार्कच्या प्रायमरी टर्शियलांच्या पुढे स्पष्ट दिसतात. पण टर्शियल झिजलेल्या किंवा गळालेल्या असतील तर प्रोजेक्शन खोटेच लांब दिसते, आणि टर्शियल त्या पक्ष्याच्या सर्वांत जास्त झिजणाऱ्या पिसांपैकी असतात, कारण पंख मिटला की ऊन आणि घासणे त्यांच्याच वाट्याला येते. म्हणून आधी तिन्ही टर्शियल जागेवर आहेत का ते मोजायचे आणि मगच प्रोजेक्शनबद्दल बोलायचे, हा त्यांनी घालून दिलेला क्रम मी पुढे नेहमी पाळणार आहे.

दुपारनंतर मात्र कार्यशाळेची घडी विस्कटली. मोल्टच्या, म्हणजे जुनी पिसे गळून नवी येण्याच्या, सत्रासाठी तीन तास ठेवले होते, त्यातला निम्मा वेळ प्रोजेक्टरच्या बिघाडात आणि लांबलेल्या जेवणात गेला आणि उरलेल्या वेळात नोंदपत्रिका समजावून सांगण्याची धावपळ झाली. पत्रिका चांगली आहे. प्रत्येक प्रायमरीसमोर शून्य ते पाच गुण द्यायचे असतात: जुन्या पिसाला शून्य, गळालेल्या किंवा नुकत्याच कोंब फुटलेल्याला एक, एक तृतीयांशापर्यंत वाढलेल्याला दोन, दोन तृतीयांशापर्यंत तीन, त्यापुढे पण अजून अपुऱ्या वाढलेल्याला चार आणि पूर्ण नव्याला पाच. दहा प्रायमरींची बेरीज शून्यापासून पन्नासपर्यंत जाते आणि ती पाहून पक्ष्याची पिसे बदलण्याची प्रक्रिया कुठवर आली आहे हे सांगता येते. नऊ मोठ्या प्रायमरी असलेल्या पक्ष्यांसाठी ही बेरीज पंचेचाळीसवर थांबते. पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालणारे अभ्यासक याच प्रकारे नोंदी ठेवतात. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) डॉ. सलीम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून स्थलांतराच्या अभ्यासासाठी कडी घालण्याचे जे मोठे काम केले, त्या परंपरेतल्या लोकांना ही पत्रिका तळहाताइतकी परिचित असेल. पण परवान्याशिवाय पक्षी हाताळता येत नाही आणि कार्यशाळेतल्या बहुतेकांना तो परवाना कधीच लागणार नाही. त्यांनी ही पत्रिका छायाचित्रांवरून कशी भरायची, कोणते चौकोन मोकळे सोडायचे आणि कोणत्या पिसाबद्दल अंदाज करायचा नाही, हे शिकवणे गरजेचे होते आणि नेमके तेच राहून गेले.

क्रमाचे अपवादही ओझरतेच सांगितले गेले. ससाणे आणि पोपट पी१ पासून सुरुवात न करता मधल्या प्रायमरीपासून दोन्ही दिशांना पिसे बदलतात. बदके सगळी उड्डाणपिसे एकदम टाकून काही आठवडे उडू शकत नाहीत. स्पॉटेड फ्लायकॅचर तर सरळ उलट दिशेने, टोकाकडून आत, प्रायमरी बदलतो. चिमणीवर्गीय पक्ष्यांत टर्शियलांपैकी मधली, एस८, बहुधा आधी बदलते. हे सगळे पंधरा मिनिटांत सांगून झाले आणि ज्यांना आदल्या दिवशीचे क्रमांक अजून पुरते बसले नव्हते त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसत होता. पारव्याचे एकच उदाहरण घेऊन, त्याच्या दहा प्रायमरी पी१ पासून टोकापर्यंत एकेक कशा बदलतात हे काही महिन्यांच्या छायाचित्रांतून दाखवले असते, तर अपवादांची ही यादी न सांगताही चालले असते. पारवा प्रत्येकाच्या खिडकीत आहे.

आता सोबतच्या तक्त्याविषयी. जाड, पाण्याने न भिजणारा कागद आणि छपाई दोन्ही चांगली आहेत, पण मजकुरात तीन दोष आहेत. आकृती युरोपातल्या एका लहान पक्ष्याच्या पंखावरून घेतलेली दिसते आणि तिच्यातली खुरटलेली पी१० दाखवताना तिला वेगळा रंग किंवा खूण दिलेली नाही, त्यामुळे ज्या पिसाच्या गणतीवरून सारा घोळ होतो तेच पीस नजरेतून सुटते. दुसरे म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी यांच्या मोजणीचे बाण एकाच रंगाचे आणि एकाच जाडीचे आहेत. मनगटापाशी ते एकमेकांत मिसळतात आणि मोजणी कुठून फुटते हे झटकन कळत नाही. तिसरे म्हणजे शिकारी पक्ष्याचा पंख तक्त्यावर नाहीच. बोटांवर एवढा वेळ दिल्यानंतर ही उणीव खटकते. आयोजकांनी नव्या छपाईत यात सुधारणा करावी. तोपर्यंत तक्ता भिंतीवर लावण्याऐवजी पेन्सिलीने दुरुस्त्या करून वहीत ठेवणे बरे.

शेपटीचा विषय अर्ध्या तासात झाला आणि तेवढा पुरेसा होता. शेपटीची पिसे मधल्या जोडीपासून बाहेर आर१, आर२ अशी मोजतात. बहुतेक पक्ष्यांत ती बारा असतात. पाणलाव्यांत मात्र मजा आहे: साध्या पाणलाव्याला साधारण चौदा, तर पिन-टेल्डला चोवीस ते अठ्ठावीस, आणि त्यांतली बाहेरची टाचणीसारखी बारीक. शेतातून फडफडत उठलेल्या पाणलाव्याची पसरलेली शेपटी छायाचित्रात सापडली तर दैवच म्हणायचे.

अभ्याससामग्री म्हणून आयोजकांनी अहमदाबादहून ईशा मुन्शी आणि शेर्विन एव्हरेट यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘फेदर लायब्ररी’ची छायाचित्रे वापरली आणि तिची ओळख करून दिली. भारतीय पक्ष्यांची उड्डाणपिसे क्रमाने मांडून टिपलेली छायाचित्रे घरबसल्या पाहायला मिळणे ही मोठी सोय आहे. रानातले पीस न उचलता त्याचा फोटो काढून ताडून पाहण्याचा मार्ग त्यामुळे खुला होतो. या छायाचित्रांवर आणखी एक तास बसवून प्रत्येकाला एका पक्ष्याची पिसे क्रमाने लावायला दिली असती तर ती मोल्टच्या घाईपेक्षा अधिक फलदायी ठरली असती.

सोयींबद्दल थोडक्यात. सभागृह स्वच्छ होते, पण मागच्या रांगेतून पडद्यावरचे क्रमांक वाचता येत नव्हते. शिकवणे मराठीत होते, संज्ञा इंग्रजी होत्या आणि त्यामुळे कोणालाही अडचण आली नाही. सहभागींची संख्या वीसपर्यंत मर्यादित ठेवल्यामुळे प्रश्नांना वाव मिळाला. शाकाहारी सहभागींनी कोंबडीचे पंख हाताळायला नकार दिला, तेव्हा त्यांना मोठ्या छापील छायाचित्रांवर चिठ्ठ्या लावू देण्यात आल्या. ही तयारी आधीपासून केलेली होती, हे विशेष.

ज्यांना अजून बुलबुल आणि साळुंकी ओळखताना विचार करावा लागतो त्यांनी या कार्यशाळेची घाई करू नये. ज्यांच्या संगणकात ओळख न पटलेले वटवटे, भोवते आणि चंडोल साठलेले आहेत त्यांनी मात्र पुढच्या तुकडीत नाव नोंदवावे. जाताना आपली दहा-बारा अशी छायाचित्रे, त्यातही उडत्या पक्ष्यांची दोन्ही पंख दिसणारी, पेनड्राइव्हवर न्यावीत, कारण रविवारच्या सकाळी मार्गदर्शक सहभागींच्या छायाचित्रांवरही मोजणी करून दाखवतात. मोल्टच्या सत्राचे वेळापत्रक बदलले आहे का, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे.